पत्ता यंत्राचा, अंधार पेंचचा

गो-टू दुर्बीण सुरू केली की ती आधी माणसालाच प्रश्न विचारते. तू कुठे आहेस? आज तारीख कोणती, किती वाजले? आणि वरचे दोन तारे तुला ओळखता येतात का? हातातल्या कंट्रोलरवर या तिन्हींची उत्तरं नीट भरली की पुढचं काम तिचं. शनी म्हणा, देवयानी दीर्घिका म्हणा, नाव निवडून बटण दाबायचं. मोटरी घरघरतात, नळी वळते आणि हवी ती वस्तू आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, येऊन थांबते.

नागपूरकराचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: अक्षांश 21 अंश 9 मिनिटं उत्तर, रेखांश 79 अंश 5 मिनिटं पूर्व. या आकड्यांशी इथल्या मातीचं जुनं नातं आहे. शहरातला झिरो माइलचा दगड ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आठवण देतो, ते विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासला सुरू केलं. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना 20 जानेवारी 1823 रोजी त्यांचा हिंगणघाटला मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. लॅम्बटन रात्री ताऱ्यांची उंची मोजत आणि त्यावरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते काढत. आजची दुर्बीण तेच गणित उलट्या बाजूने सोडवते. जागा आणि वेळ तिला सांगायची, तारा ती शोधते.

दुसऱ्या प्रश्नात मात्र बरेच जण फसतात. अनेक कंट्रोलर अमेरिकी पद्धतीने आधी महिना मागतात. 5 डिसेंबर म्हणून 5/12 भरलं की यंत्र 12 मेचं आकाश धरून बसतं. टाइम झोन +5:30 ठेवायचा आणि उन्हाळी वेळेचा पर्याय बंद, कारण आपल्याकडे ती पद्धत नाही. घड्याळही मोबाइलशी जुळवून घ्यावं. आकाश तासाला 15 अंश सरकतं, म्हणजे एका मिनिटाच्या चुकीत पाव अंश, अर्ध्या चंद्राएवढं. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे आणि नागपूरची खरी स्थानिक वेळ तिच्या सुमारे 14 मिनिटं मागे चालते. हा हिशेब यंत्र रेखांशावरून स्वतःच करतं. आपण शहाणपणा करून स्थानिक वेळ भरली, तर पहिल्याच ताऱ्याला साडेतीन अंशांची हुलकावणी बसते.

तिसरा प्रश्न खरा कसोटीचा. त्याला अलाइनमेंट म्हणतात. ट्रायपॉड जमिनीवर कसा ठेवला आहे, नळीचं तोंड कुठे आहे, हे यंत्राला ठाऊक नसतं. दोन ओळखीचे तारे दाखवले की त्यावरून ते सगळ्या आकाशाचा नकाशा आपल्या चाकांवर बसवतं. कंट्रोलरच्या यादीत स्वाती असते आर्कट्युरस या नावाने, चित्रा स्पायका, मघा रेग्युलस, व्याध सिरियस आणि ब्रह्महृदय कॅपेला. पंचांगामुळे नक्षत्रांची नावं आपल्या तोंडी असतात. डोक्यावर बोट दाखवून तो तारा सांगता येईलच असं नाही.

तारे निवडतानाही नागपूरचा अक्षांश आडवा येतो. स्वाती इथे जवळजवळ डोक्यावरून जाते, खस्वस्तिकापासून जेमतेम दोन अंशांवरून. तिथे दिशेचा कोन फार झपाट्याने बदलतो, म्हणून माथ्यावरचा तारा अलाइनमेंटला टाळावा. दोन्ही तारे मध्यम उंचीवरचे आणि एकमेकांपासून लांब हवेत. मेच्या मध्यास रात्री साडेआठला पश्चिमेकडे उतरलेला पुनर्वसूतला पोलक्स आणि आग्नेयेची चित्रा ही जोडी छान जमते.

तारा दिसला म्हणजे झालं असं नाही. तो नेमका मध्यावर आणावा लागतो. आधी 25 किंवा 40 मिलिमीटरचा कमी वर्धनाचा आयपीस लावायचा. आठ इंची, 2032 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत 25 मिलिमीटरचा आयपीस सुमारे 81 पट मोठं दाखवतो आणि त्यात जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडं जास्त आकाश मावतं. तारा सापडला की फोकस थोडा बिघडवायचा. ठिपक्याची गोल चकती होते आणि ती वर्तुळाच्या मध्यावर आहे की नाही हे डोळ्याला चटकन कळतं. शेवटची सरक मंद वेगात आणि एकाच दिशेने द्यायची. सेलेस्ट्रॉन या दुर्बीण कंपनीच्या सूचनांनुसार वर आणि उजवीकडच्या बाणांनीच. दातेरी चाकांमध्ये बारीकशी फट असते. दिशा बदलली की ती फट भरेपर्यंत मोटर फिरते, पण नळी हलत नाही, आणि तेवढी चूक सगळ्या रात्रीच्या नकाशात शिरते. नमनाला हे घडाभर तेल लागतंच. एकदा ते झालं की ट्रायपॉडला कुणाचा पाय लागू देऊ नये, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात.

पूर्वी हे सगळं हाताने चाले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात 1888 साली कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. अशा यंत्रांवर तबकडीवरचे अंश वाचून नळी फिरवावी लागे. हौशी माणसाच्या हाती संगणक आला तो 1987 मध्ये, सेलेस्ट्रॉनच्या कॉम्प्युस्टारबरोबर. मीड कंपनीची एलएक्स 200 आली 1992 मध्ये, ज्या वर्षी नागपुरात गांधीसागराजवळ रामन विज्ञान केंद्र सुरू झालं. तिकडे पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीला आयुका या खगोल संस्थेची 2 मीटरची दुर्बीण 2006 पासून आहे. तिचंही मूळ तत्त्व हेच: दोन अक्ष, दोन्हींवर मोटरी आणि मधे संगणक.

आता तर ताऱ्यांची ओळखही यंत्राने आपल्याकडे घेतली आहे. 2020 च्या सुमारास मोबाइलच्या कॅमेऱ्याने आकाशाचा फोटो घेऊन त्यातल्या ताऱ्यांच्या मांडणीवरून जागा ओळखणाऱ्या दुर्बिणी बाजारात आल्या. कॅमेराच डोळा असलेल्या स्मार्ट दुर्बिणीही आल्या. त्यांना व्याध कुठला हे सांगावं लागत नाही. शोधण्याचं काम अशा तऱ्हेने जवळजवळ सुटलं. दिसण्याचं सुटलेलं नाही.

कंट्रोलरच्या स्मृतीत हजारो नोंदी असतात: मेसिए यादीतल्या 110, एनजीसीतल्या 7840 आणि आणखी पुष्कळ. नागपूरच्या धरमपेठेतल्या गच्चीवरून एखादी धूसर दीर्घिका मागितली तर दुर्बीण इमानाने तिथे वळते, मध्यावर आणते आणि आयपीसमध्ये नुसता राखाडी उजेड दिसतो. यंत्र चुकलेलं नसतं. दीर्घिकेचा पसरट मंद प्रकाश शहराच्या उजेडात बुडालेला असतो. वर्धन वाढवून उपयोग होत नाही, कारण दोन्ही उजेड सारखेच फिके होतात. चंद्र, गुरूचे उपग्रह, शनीची कडी, जोडतारे यांना मात्र शहर फारसं बाधत नाही. गच्चीवाल्यांनी तेच पाहावं. उन्हाळ्यात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि चित्र थरथरतं, तेव्हा मैदान बरं. हिवाळ्यात काचेवर दव धरतं, तिला पुढे टोपीसारखा पुठ्ठ्याचा आडोसा लावावा. पावसाळ्यात दुर्बीण पेटीतच बरी.

खऱ्या अंधारासाठी नागपूरकराला लडाख गाठावं लागत नाही. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला आणि आशियातला पाचवा डार्क स्काय पार्क ठरला. डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने ही मान्यता दिली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. गावं काळोखात गेली नाहीत. वर वाया जाणारा उजेड तेवढा खाली आला.

तिथल्या आकाशात नागपूरच्या अक्षांशाची कमाई दिसते. ध्रुव उत्तरेला 21 अंशांवर असतो आणि दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छही जवळजवळ तितकाच वर येतो. मेच्या मध्यास रात्री सव्वादहाच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. सुमारे 17,000 प्रकाशवर्षांवरचा हा लाखो ताऱ्यांचा गोळा लंडनच्या क्षितिजावर कधीच येत नाही. कंट्रोलरवर एनजीसी 5139 टाकावं आणि 40 मिलिमीटरचा आयपीस लावावा.

दुर्बीण घ्यायचा विचार असेल तर क्रम असा ठेवा. रामन केंद्राचं तारांगण 1997 पासून आहे. तिथे बसून आधी दहा तारे ओळखायला शिका. मग साधी दुर्बीण किंवा दुसऱ्याची गो-टू डोळ्याला लावून पाहा. पैसे शेवटी मोजा. आणि पुढच्या सोसायटीच्या बैठकीत गच्चीवरच्या आणि आवारातल्या दिव्यांना वरून झाकण बसवण्याचा मुद्दा मांडा. वस्तू शोधून मध्यावर आणणारं यंत्र विकत मिळतं, पण अंधार सगळ्यांनी मिळूनच राखावा लागतो. सिल्लारीला ते जमलं, नागपूरलाही जमेल.