कोरडी वात, तोकडी तार

मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या अलीकडे आमचं घर. स्वयंपाकघरातल्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात बोथट कात्री, टोकाला आकडा केलेली बारीक तार, सुती वातींची जुडी आणि कागदात गुंडाळलेली शेगडीची कॉइल. घरातली दोन यंत्रं बिघडली की हा डबा खाली यायचा. एक वातीचा स्टोव्ह, दुसरी विजेची शेगडी.

हवेचा स्टोव्ह वेगळा. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये तो घडवला. त्याला वातच नाही. पंप मारा, काकडा लावा, पिन मारा, वायसर बदला आणि त्याची भरभर ऐकत बसा. वातीचा स्टोव्ह मुका. आमचा ‘नूतन’ होता, इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रातून आलेल्या रचनेचा. खाली रॉकेलची टाकी, वर गोलात उभ्या नळ्या, प्रत्येक नळीत एक वात. त्यावर एकात एक बसणारी भोकांची दोन नळकांडी. वातीतून वर आलेल्या रॉकेलची वाफ या भोकांतून येणाऱ्या हवेत मिसळते आणि ज्योत निळी होते. एखादी वात जरी वरखाली झाली, तरी तिच्या बाजूला ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि भाताचं पातेलं बुडाशी काळंकुट्ट होतं. घासणारीला स्टोव्हचा आजार आधी कळायचा.

वाती बदलायचं काम रविवारी, अंगणात. टाकी रिकामी करायची, स्टोव्ह पूर्ण गार. जुन्या वाती खालून ओढल्या की वरचं टोक कोळशासारखं कडक आणि खालचं लोंबतं मऊ. नवी वात नळीत सरळ जात नाही, तिचं तोंड पिंजतं. म्हणून ते दोऱ्याने घट्ट बांधायचं, तारेच्या आकड्यात अडकवायचं आणि वर खेचायचं. पीळ पडू द्यायचा नाही. पिळलेल्या जागी तेल अडतं. वात सैल बसली तर घसरते, फार घट्ट बसली तर तेल चढत नाही. सगळ्या बसल्या की डोळे त्यांच्या पातळीला आणून कात्रीने एका रेषेत छाटायच्या. आमच्या आज्जीची नजर या कामात गवंड्याच्या ओळंब्यासारखी.

छाटून झालं की मला काडी ओढायची घाई. आज्जी हात धरायची. “आरं, वातीला आधी पिऊ दे की! उपाशी माणसाला कामाला जुंपतोस व्हय?” मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. शाळेत पुढे केशाकर्षण शिकलो, तेव्हा आज्जीचं वाक्य उलगडलं. सुताच्या धाग्यांमधल्या बारीक वाटांतून तेल आपोआप वर चढतं. जळते ती तेलाची वाफ. कापूस फक्त वाहून नेतो. तेल पोचलं नाही तरच कापूस जळतो. समईतलं तेल सरल्यावर वात चरचरते, धुरकट वास येतो, तो याच कोरडेपणाचा.

शेगडीचं दुखणं वेगळं, पण नात्यातलं. निकेल आणि क्रोमियमची ही तार, निक्रोम. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधी उघड्या हवेत लाल तापून दिवसेंदिवस टिकेल अशी स्वस्त तार नव्हती. निक्रोम तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय धरते आणि आतला धातू वाचतो. तरी दूध उतू गेलं, पातेलं आपटलं की ती तुटतेच.

तुटली की पेठेतला सोपा उपाय म्हणजे दोन्ही टोकं ताणून एकमेकांत अडकवायची. मोटारी वायंडिंग करणारे एक मामा आमच्याकडे येत, त्यांना हे बघवत नसे. “जोडलीस म्हंजे तार तोकडी झाली. तोकडी तार जास्त तापनार, पुन्हा तुटनार.” हिशोब खरा आहे. २३० व्होल्टवर २००० वॉटची शेगडी साधारण ८.७ अँपिअर वीज ओढते. तार दहावा हिस्सा कमी झाली की शेगडी जवळपास २२०० वॉटची होते. शिवाय अडकवलेला सांधा सैल, तिथेच ठिणगी. डाग देऊन उपयोग नाही, डागाचं शिसं-कथील तारेच्या आधी वितळतं.

म्हणून नवी कॉइल. मामा आधी प्लग काढून आपल्या खिशात घालत. मग चिनी मातीच्या प्लेटच्या खाचेत सुतळी फिरवायची आणि ती मोजायची. तेवढ्याच लांबीपर्यंत कॉइल दोन्ही हातांनी हळूहळू, सारखी ताणायची. एका जागी वेढे दाटले तर तिथे लालभडक, विरळ झाले तिथे काळं. कुठलाही वेढा खाचेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पातेल्याला करंट.

पुढे वात आणि कॉइल एका बोटभर नळीत आली. चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडवलेली ई-सिगारेट. निकोटिनच्या द्रवात भिजलेला कापूस, त्याभोवती तारेचे पाच-सहा वेढे, मागे लिथियमची बॅटरी. परदेशात शौकीन घरीच कापूस बदलतात, वेढे घालतात. कापूस नीट भिजला नाही तर करपलेला झुरका येतो. आज्जीने ओळखला असता. पण अर्ध्या ओहमची ती चिमुकली तार ४.२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीतून ८.४ अँपिअर ओढते, म्हणजे जवळजवळ आमच्या शेगडीएवढेच. वेढे चुकले तर त्याची झळ बॅटरीला. आपल्याकडे ही वस्तू १८ सप्टेंबर २०१९ पासून बंद. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळंच गुन्हा.

आमच्या पेठेतल्या पोरांनी मात्र हे तंत्र धुराशिवाय केव्हाच वापरलं होतं. शेगडीची तुटलेली कॉइल फेकायची नाही. तिचा वीतभर तुकडा सरळ करायचा, लाकडी चौकटीत ताणायचा, बॅटरीचे सेल जोडायचे. गणपतीच्या मखराचं थर्माकोल लोण्यासारखं कापलं जायचं. तार लाल होऊ द्यायची नाही, नुसती तापवायची. लाल झाली की कड करपते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि ती चौकटही फळीवर गेली.

डबा अजून आहे. रॉकेल नाही, स्टोव्ह भंगारात गेला. परवा उघडला तर सुतळीचा एक तुकडा निघाला. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. आमच्या शेगडीच्या खाचेचं माप.