नायकाभोवतीचा गोतावळा

नाटक शिकवणाऱ्या माणसाला विदूषकाची थोरवी सांगावी लागत नाही. राजाने आपले दुःख भिंतीला थोडेच सांगायचे? अमेरिकेतल्या चित्रकथाकारांपुढे हीच अडचण उभी राहिली. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांनी बॅटमॅन उभा केला; पण हा अबोल वीर बोलणार कोणाशी? शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसा याला कोणी हवा, असे फिंगरला वाटले आणि १९४० मध्ये रॉबिन आला.

पण पंगतीत एकाचे पान मांडले की दुसऱ्याचेही मांडावे लागते. १९४३ मध्ये आल्फ्रेड हा बटलर आला, १९६७ मध्ये बार्बरा गॉर्डन बॅटगर्ल होऊन आली. घर भरले, आणि नवाच पेच पडला. ज्याची सारी ऐट एकाकीपणात, त्याच्याभोवती एवढी माणसे!

वाल्मीकीने असा पेच केव्हाच सोडवला होता. सेतू नलाने बांधायचा, हनुमंताला त्याच्या बळाची आठवण जांबवंताने द्यायची. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. बॅटमॅनच्या लेखकांनाही अखेर हीच वाट धरावी लागली. पहिला रॉबिन, डिक ग्रेसन, १९८४ मध्ये नाइटविंग झाला आणि पुढे ब्लडहेवन या वेगळ्या शहरी गेला. थोरल्या मुलाला वेगळे बिऱ्हाड थाटून द्यावे, तसेच हे!

त्याच्या जागी आलेला जेसन टॉड मात्र थोरल्याच्या कपड्यांतच वावरत राहिला. त्याला जगवावे की मारावे, असा कौल १९८८ मध्ये प्रकाशकांनी वाचकांना टेलिफोनवरून मागितला. मारावे, ५,३४३, जगवावे, ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी पोराचा जीव गेला! कागदावरचाच जीव तो. पण त्याला स्वतःचे असे काम कोणी दिले असते, तर ही मतमोजणी झाली असती का, असे मनात येतेच. पुढे २००५ मध्ये तो परतला, तो बॅटमॅनशी वैर धरून. तेव्हा कुठे त्याला स्वतःचा चेहरा लाभला.

बार्बराची कथा याहून बोलकी आहे. १९८८ च्याच 'द किलिंग जोक'मध्ये जोकरच्या गोळीने ती पंगू झाली; का, तर बापाने आणि बॅटमॅनने शोक करावा म्हणून! जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक-दांपत्याला हे रुचले नाही. १९८९ मध्ये त्यांनी तिला चाकांच्या खुर्चीत, संगणकापुढे बसवले आणि ऑरॅकल हे नाव दिले. खबर काढणे हे तिचे काम. पाहता पाहता मोठमोठे वीर तिला विचारल्यावाचून पाऊल उचलीनासे झाले.

विद्यार्थी आपल्या कथा मला वाचायला देतात. त्यांत पात्रांची दाटी असली म्हणजे मी एवढेच विचारतो: यातला हा अमुक उद्या घर सोडून गेला, तर कोणाचे काय अडेल?