नदीच्या वरच्या अंगाचे लोक

सूर्य उगवतो ती पूर्व, हे आपण लहानपणी घोकले. उत्तर कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीकाठी राहणाऱ्या करुक लोकांच्या दिशा मात्र नदी ठरवते. ‘करुक’ म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, ‘युरुक’ म्हणजे खालच्या अंगाला, ‘मारुक’ डोंगराकडे आणि ‘सारुक’ उताराने नदीकडे. खाली राहणाऱ्या युरोक जमातीचे नावही ह्याच शब्दावरून पडले.

विल्यम ब्राइट ह्या पंडिताने १९५७ साली करुक भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी त्याचे बोली कन्नडवरील पुस्तक पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने काढले, हे कळताच ते दूरचे लोक मला एकदम जवळचे वाटू लागले. पण व्याकरण छापले म्हणजे भाषा जगली, असे थोडेच आहे? वसतिशाळांत मुलांना आपल्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होई. आज ती अस्खलित बोलणारी माणसे अगदी थोडी उरली आहेत.

१९१८ पासून वरच्या भागात धरणे झाली आणि समुद्रातून चढून येणाऱ्या सॅमन माशांची वाट अडली. २०२४ साली चार धरणे पाडण्याचे काम पूर्ण झाले. त्याच शरदात मासे पुन्हा वर पोहोचले. मासे ‘करुक’ गेले! आता तो शब्दही नातवंडांच्या तोंडी परत यावा, एवढेच ह्या भाषेच्या मास्तराला वाटते.