आम्ही काय दिवे लावले!

विळ्याहून ताम्हिणी घाट चढायला लागलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जुलै २०२४चा पहिला शनिवार. पाऊस असा की वायपर फिरतायत की नुसतेच हात हलवून टाटा करतायत, कळत नव्हतं. शेजारी बायको, मागे मेहुणा आणि ओल्या सॅक. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरचा रस्ता एकदम गायब झाला. म्हणजे रस्ता होता तिथेच होता, आमचे दिवे गेले होते. दोन्ही. एकाच वेळी.

‘अरे, तू बंद केलेस का?’ बायकोने विचारलं.

कोण कशाला बंद करेल! ब्रेक मारला, पार्किंगचे दोन मिणमिणते दिवे तेवढे शिल्लक होते त्यांच्या भरवशावर गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते दिवसा बघून आलो होतो, त्यामुळे तिकडे बघायची गरज नव्हती. पायाजवळचा डिपर दाबला तर क्षणभर उजेड चमकून गेला आणि पुन्हा काळोख. वीस मिनिटांनी मागून एक एसटी आली. ड्रायव्हरने सगळा प्रकार ओळखून ‘माझ्या मागे मागे या’ एवढंच सांगितलं आणि पुढे निघाले. आम्ही त्या लाल दिव्यांवर डोळे लावून पौडपर्यंत आलो. वाटेत कोणी एक शब्द बोललं नाही.

खरा संताप दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्विच ओढला आणि दोन्ही हेडलाइट लख्ख पेटले. जणू काही झालंच नव्हतं!

बल्ब बदलू बहाद्दर

आधी थोडी ओळख. आमची जीप १९८९ची. डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, जुन्या विलीज घराण्यातली. पॉवर स्टीअरिंग नाही, एसी नाही, खिडक्यांना काचा नाहीत. २०२१ साली जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. ऑफिसातले लोक ईएमआयवर सनरूफवाल्या एसयूव्ही घेत होते तेव्हा मी हे लोखंड घेतलं म्हणून आई चार दिवस बोलली नव्हती.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या, हाच माझा पगार. ज्युनिअर पोरांना मी तावातावाने सांगतो, ‘आधी प्रॉब्लेम नीट बघा, मग हात लावा. अंदाजपंचे बदल करायचे नाहीत.’ आणि हाच शहाणा माणूस जीपच्या दिव्यांच्या बाबतीत दोन वर्षं काय करत होता? बल्ब बदलत होता!

उजेड कमी वाटतोय? नवा बल्ब. डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळा दिसतोय? नवा बल्ब. शेवटी जवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन मूळच्या ६०/५५ वॉटच्या जागी १००/९०चे बल्ब घातले. दोन दिवस भारी वाटलं. मग पुन्हा तेच.

ताम्हिणीनंतर मी घराजवळच्या एका वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. ‘करंट येतोय साहेब, बल्बच गेलाय.’ आणखी दोन बल्ब. मला प्रश्न पडला, बल्ब गेला असेल तर सकाळी पेटला कसा?

माझ्याकडे वेळही कमी होता. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून ते वाढवावं लागतं. माझी तारीख सप्टेंबर २०२४. दिवे नीट नसतील तर फिटनेस विसरा. आणि बायकोने तर साफ सांगितलं होतं, ‘दिव्यांचं नक्की काय झालं हे मला समजावून सांगता येईल त्या दिवशी मी पुन्हा त्या गाडीत बसेन.’ म्हणजे नुसतं दुरुस्त करून भागणार नव्हतं.

मल्टिमीटरची लबाडी

एका रविवारी नाना पेठेत स्पेअर पार्ट शोधत फिरताना एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनची गाठ पडली. टपरीएवढं दुकान, खाली स्टुलावर चाचा. मी सगळी रामकहाणी सांगितली. त्यांनी बल्बबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते हे: ‘खड्ड्यात गाडी आपटली की मीटरमधला निळा दिवा मिणमिणतो का?’

मी उडालोच. निळा दिवा म्हणजे हाय बीम चालू असल्याची खूण. पण लो बीमवरसुद्धा तो अधूनमधून मंद पेटायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, असतो एखादीचा स्वभाव.

‘साहेब, डाव्या दिव्याचं अर्थ बघा. मग डिपर. मीटर आहे का तुमच्याकडे?’

मीटर नव्हता. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटमधून एक साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला. यूट्यूबवर पाहिलं होतं त्याप्रमाणे कंटिन्युइटीवर लावला, डाव्या दिव्याची अर्थची वायर तपासली. पीं! मीटर वाजला, म्हणजे वायर जोडलेली आहे. चाचा चुकले म्हणायचे.

पुढच्या रविवारी पुन्हा नाना पेठ. चाचा हसले. म्हणाले, ‘वायरीची एक तार शिल्लक असली तरी तो वाजतो. दिवा पेटवून बघा.’

सगळ्या गोष्टीचा कणा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. मल्टिमीटर कंटिन्युइटी तपासताना वायरमधून अगदी चिमूटभर करंट सोडतो. तेवढा एका गंजक्या तारेतूनही जातो. पण ५५ वॉटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या वर लागतात. गल्लीतून एक सायकल जाते म्हणून ट्रक जाईलच असं नाही. त्यामुळे तपासायचं ते दिवा चालू ठेवून, पूर्ण लोडवर. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन बल्बच्या अर्थच्या पायाला. दोन्ही टोकं मायनसच आहेत, म्हणजे मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं. ०.१, फार तर ०.२.

माझ्या डाव्या दिव्याने दाखवले १.९ व्होल्ट. उजव्याने ०.३.

हे १.९ व्होल्ट बल्बला मिळायचे सोडून एका घाणेरड्या जोडात नुसते तापत होते. मग उलट बाजू बघितली: लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी बल्बच्या येणाऱ्या वायरीला. तिथे १.६ गायब. बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.९ होते, बल्बच्या वाट्याला आले १०.४. आणि हॅलोजनची गंमत अशी की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. माझं व्होल्टेज चौथ्या हिश्शाने कमी होतं. म्हणजे उजेड निम्म्याहूनही कमी, आणि मी बल्बला शिव्या देत होतो.

सगळ्याचा ‘अर्थ’ लागतो

गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी बॅटरीपर्यंत नेत नाहीत. प्लस वायरीने येतो आणि परत जातो तो बॉडीच्या पत्र्यातून. तो परतीचा जोड म्हणजे अर्थ. येणारी वायर आपण सगळे तपासतो, टेस्ट लॅम्पही तीच दाखवतो. परतीचं तिकीट कोणी बघत नाही.

परतीचा रस्ता बंद झाला की करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. हेडलाइटच्या बल्बला तीन पाय: एक लोचा, एक हायचा आणि एक दोघांत मिळून अर्थचा. डावीकडचा अर्थ तुटला की लो बीमचा करंट त्याच बल्बच्या हायच्या तारेतून उलटा मागे जातो, तिथून उजव्या दिव्याच्या हायमधून अर्थ गाठतो. जाता जाता मीटरमधल्या निळ्या दिव्यालाही टपली मारून जातो. चाचांनी बसल्या जागी ओळखलं ते यावरून. तुमच्या गाडीत इंडिकेटर दिला की मागचा टेललाइटही त्याच्याबरोबर फडफडत असेल तर हाच प्रकार समजा. भूत नाही, अर्थ नाही.

आता गुन्हेगार कोण? ग्रिलमागे मडगार्डच्या बोल्टला अर्थचं लग होतं. बोल्ट काढला आणि खाली दिसला सुंदर, चकचकीत क्रीम कलर. २०२२ साली मी हौसेने जीप रंगवून घेतली होती. फोटो टाकले होते, लाइक्स मोजले होते. ते लग रंगावरच घट्ट बसवलेलं होतं. करंटला पत्र्यापर्यंत पोचायला वाट होती ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि त्याही गंजत चालल्या होत्या. मागच्या मालकाला, वायरिंगवाल्याला, पावसाला, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. राहिलो होतो मीच.

बॅटरीची मायनस काढली, पॉलिश पेपरने रंग खरवडून चमकता पत्रा काढला, नवं लग दाबून बसवलं, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. काम दहा मिनिटांचं. मीटर ०.१!

राहिले येणाऱ्या बाजूचे १.६. ते शोधायला मात्र माझा धंदा कामी आला. बॅटरी ते बल्ब हा रस्ता मधोमध कापायचा, कुठल्या अर्ध्यात चोरी आहे ते बघायचं, मग त्या अर्ध्याचे अर्धे. तिसऱ्या मापात सापडलं: एकट्या डिपरमध्ये १.१ व्होल्ट जात होते. जुन्या जीपमध्ये डिपर पायाजवळ, फ्लोअरवर असतो. जुन्या काळची ही सोय, क्लचवरून पाय काढला की दाबायचा. पण ओढ्यातून गाडी घाला, चिखलाचे बूट घेऊन बसा, सगळं त्याच्याच डोक्यावर. मी तो उघडला तेव्हा आतून चमचाभर लाल माती निघाली आणि एका टर्मिनलचं प्लॅस्टिक वितळून गोळा झालेलं.

ताम्हिणीचं कोडं तिथे सुटलं. एक दिवा गेला तर दोष त्या दिव्याचा, त्याच्या होल्डरचा किंवा त्याच्या अर्थचा. दोन्ही एकदम गेले तर दोघांच्या सामायिक रस्त्यावर शोधायचं: स्विच, फ्यूज, डिपर. माझे १००/९०चे बल्ब दोन मिळून पंधरा अँपिअर खेचत होते, मूळचे नऊच्या आसपास खेचतात. खराब जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीच पटींच्या वर. जोड तापला, सैल झाला, सुटला. रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा टेकला, म्हणून सकाळी ते लख्ख स्वागत.

फ्यूजबॉक्स उघडल्यावर मात्र हसू गेलं. हेडलाइटच्या फ्यूजला कोणीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. फ्यूज वारंवार उडत असणार, त्यावर केलेला हा ‘इलाज’. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. तार गुंडाळली की जळण्याचा नंबर वायरीचा, आणि ती वायर जाते डॅशबोर्डच्या मागून, बायकोच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर. घाटात दिवे गेले यालाच मी संकट समजत होतो. जोड सुटला नसता तर काय, हा विचार मी त्या रविवारी फार पुढे नेला नाही.

पुढचं काम चाचांच्या देखरेखीखाली. नवा डिपर, ६०/५५चे साधे बल्ब, बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज आणि दोन रिले. रिले म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठा स्विच. जुना स्विच आणि डिपर आता फक्त रिलेला इशारा देतात, खरा करंट बॅटरीकडून २.५ स्क्वेअर एमएमच्या नव्या वायरीने थेट दिव्याला. रिलेच्या पायांवर नंबर छापलेले असतात: ३० बॅटरीकडून, ८७ दिव्याकडे, ८५ आणि ८६ इशाऱ्याचे. पहिल्यांदा मी ३० आणि ८६ची अदलाबदल केली, चाचांनी नुसती मान हलवली.

एलईडी का नाही बसवले, असं ऑफिसात सगळे विचारतात. जुन्या जीपचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी घडवलेला आहे. त्यात भलता एलईडी घातला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. समोरून येणारा आंधळा झाला तर घाटात त्याचा फायदा मला नाही. आणि अर्थ खराबच असेल तर तोही एक दिवस फडफडणारच.

बल्बवर आता १३.४ व्होल्ट येतात. सप्टेंबरात फिटनेस झालं. इन्स्पेक्टरसाहेबांनी लो, हाय, इंडिकेटर, ब्रेक लाइट पाहिले आणि कागदावर खूण केली. त्यांच्यासाठी अर्धं मिनिट, माझे सहा रविवार.

संध्याकाळी बायकोला पार्किंगमध्ये नेलं. मीटर दाखवला, वितळलेला डिपर हातात दिला, क्रीम कलरची कबुली दिली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे फोटोंसाठी गाडी रंगवलीस म्हणून आपण घाटात अडकलो.’

हो, तेच.

ती दार उघडून आत बसली. ‘चल, चांदणी चौकापर्यंत जाऊन येऊ. आणि हा टपावरचा दिवा का लागत नाही?’

तो अजून लागत नाही. मीटर ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवलाय.