डिकीतला खर्ज

पुण्यातल्या एका शाळेत आम्ही ध्वनीविषयी बोलायला गेलो होतो. तरंगलांबीचे गणित फळ्यावर सोडवून झाले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, ५० हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी सात मीटर आली. मग हा आवाज आमच्या काकांच्या साडेतीन मीटरच्या गाडीत मावतो कसा?"

प्रश्न फार चांगला होता आणि आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. त्यातून योगायोग असा, की त्याच सुमारास आम्ही आमच्या छोट्या गाडीत खर्जाचा स्पीकर, म्हणजे सबवूफर, बसवण्याच्या खटपटीत होतो. डिकीचा मोठा भाग सीएनजीच्या टाकीने व्यापलेला. उरला होता तो चाकाच्या फुगवट्याशेजारचा एक वेडावाकडा कोपरा. एका दुकानातून आणलेली तयार पेटी तिथे शिरेना. शिरली तेव्हा टाकीची झडप झाकली गेली, म्हणून तीही परत गेली. पेटी स्वतःच करायची असे ठरल्यावर मात्र भौतिकशास्त्राची बरीच उजळणी झाली.

आधी पेटी लागतेच कशाला ते पाहू. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एखादा जुना स्पीकर आणा आणि नुसताच वाजवा. तबल्याची चाट ऐकू येईल, पण डग्गा जवळजवळ नाहीच. आता मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो दाबून धरा. डग्गा हजर! कारण स्पीकरचा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या संथ कंपनांत पुढची हवा कडेने वळसा घालून मागे जायला भरपूर वेळ मिळतो, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. पुठ्ठा हा वळसा लांबवतो. बंद पेटी तो पुरताच थांबवते. हा प्रयोग वर्गात अवश्य करा, पाच मिनिटे पुरतात.

पण पेटी बंद केली की नवी अडचण उभी राहते. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबून पाहा. आतली हवा स्प्रिंगसारखी उलटा जोर देते, आणि हवा जितकी थोडी तितकी स्प्रिंग ताठ. दहा इंची स्पीकरच्या शंकूचे कंप पावणारे क्षेत्रफळ साधारण ३३० चौरस सेंटिमीटर धरले आणि पेटी २० लिटरची घेतली, तर हवेची ही स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. (समुद्रकाठी याहून थोडा जास्त. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथला हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी कमी आहे.)

स्प्रिंग ताठ झाली की नैसर्गिक वारंवारता वाढते, हे आपण दोलकाच्या प्रकरणात शिकवतोच. स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगचा ताठपणा लिटरमध्ये दिलेला असतो, म्हणजे तेवढ्याच ताठपणाची हवेची स्प्रिंग किती लिटर हवेची होईल तो आकडा. समजा तो ६० लिटर आहे आणि स्पीकरची मूळ वारंवारता ३० हर्ट्‌झ. २० लिटरच्या पेटीत हवेची स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या तिप्पट, दोन्ही मिळून चौपट. चाराचे वर्गमूळ दोन, म्हणून वारंवारता ६० हर्ट्‌झ होते. पेटी साडेसात लिटरची केली तर एकूण ताठपणा नऊपट आणि वारंवारता ९० हर्ट्‌झ. हिच्याखाली आवाज झपाट्याने क्षीण होत जातो. म्हणजे पेटी आक्रसली की खर्ज पळालाच म्हणायचा.

हवेची ही स्प्रिंग एके काळी केवळ त्रासदायक समजली जाई. अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये तीच कामाला लावली. स्पीकरची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम सैल ठेवून हवेवरच भिस्त ठेवली, आणि कपाटाएवढ्या पेट्यांचे काम पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीत होऊ लागले. फुकट मात्र काहीच मिळत नाही. छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी पदरात पडतात. हा नियम हॉफमन या अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. मर्यादा तीच ठेवून पेटी निम्मी केली तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट शक्ती लागते. पेटी तीच ठेवून मर्यादा फक्त २० टक्के खाली आणली, तरीही सुमारे दुप्पटच! "एवढ्याशा डब्यात जबरदस्त बेस" असे कोणी म्हणाले, की वीज किती खातो ते आधी विचारावे.

आता आमचा वेडावाकडा कोपरा. इथे एक गोष्ट आमच्या बाजूने होती. तरंगलांबी सात मीटर आणि पेटी हातभर, त्यामुळे पेटीतल्या सगळ्या हवेचा दाब एकाच वेळी वाढतो आणि एकाच वेळी उतरतो. पेटी चौकोनी आहे, पाचरीसारखी आहे की काजूसारखी वाकडी, याची खर्जाला दखल नसते. घनफळ तेवढे नेमके हवे. त्यातच लोक फसतात. बाहेरून ४० × ३० × २५ सेंटिमीटरची पेटी ३० लिटरची वाटते. १८ मिलिमीटर प्लायवूडची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करा : ३६.४ × २६.४ × २१.४, म्हणजे जेमतेम २०.६ लिटर. जवळजवळ तिसरा हिस्सा लाकडात गेला! आठवीच्या मुलांना घनफळाचे याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही.

फुगवट्याचा आकार आम्ही फायबरमध्ये उतरवला. पत्र्यावर चिकटपट्टी आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावून त्यावर काचतंतूंचे थर राळेत भिजवून चढवायचे. राळेची वाफ घातक असते, म्हणून गाडी उघड्यावर, दारे सताड उघडी आणि हातात मोजे. अशा आकाराचे घनफळ सूत्राने निघत नाही. आम्ही पेटी चुरमुऱ्यांनी भरली आणि मग ते लिटरच्या मापाने मोजले. दोन्हीकडे सारखेच हलवून भरले तर चूक थोडी येते. त्यातून स्पीकरच्या मागच्या लोहचुंबकाने व्यापलेली जागा वजा करायला विसरू नका, आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.

भिंती ताठ हव्यात. शंकू ५ मिलिमीटर आत गेला तर २० लिटरच्या पेटीतला दाब एका टक्क्याहून थोडा जास्त वाढतो. ऐकायला किरकोळ वाटते, पण वरच्या पेटीच्या सर्वांत मोठ्या फळीवर हा जोर दहा किलो वजनाइतका होतो, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा आत-बाहेर ढकलतो. सपाट पातळ फळी अशाने थरथरते. वाकडा फायबर मडक्यासारखा घट्ट राहतो.

घनफळ थोडे कमी पडले तर आत सैलसर पिंजलेला कापूस भरतात. हवा भरभर दाबली की तापते आणि जास्त ताठ होते. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना हे धरले नाही, म्हणून त्याचे उत्तर सुमारे १५ टक्के कमी आले आणि १८१६ मध्ये लाप्लासने ते दुरुस्त केले. कापसाचे तंतू ही उष्णता शोषून घेतात, म्हणजे पेटीतल्या हवेला लाप्लासकडून न्यूटनकडे परत नेतात. त्यामुळे पेटी मोठी असल्यासारखी वागते. सिद्धांताप्रमाणे जास्तीत जास्त ४० टक्के, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पेटी पट्ट्यांनी घट्ट बांधावी. जोराचा ब्रेक लागला की पंधरा किलोचे ओझे पुढे झेपावते. सीएनजीच्या टाकीच्या आधारपट्ट्यांत स्क्रू मारू नये, झडप मोकळी ठेवावी आणि वायरीला बॅटरीजवळच फ्यूज घालावा. स्टेपनी काढता येते का, हेही पेटी पक्की करण्याआधी पाहावे.

आता त्या मुलाचे उत्तर. सात मीटरची लाट गाडीत मावत नाही आणि मावायची गरजही नाही. गाडीच्या आतली लांबी अडीच मीटर धरली, तर साधारण ७० हर्ट्‌झच्या खाली गाडीतली सगळी हवा सिरिंजमधल्या हवेसारखी एकदम दाबली जाते. कान लाट ऐकत नाही, तो दाबाचा चढउतार ऐकतो. इथेच मोठी गंमत आहे. बंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबेल घटत जातो, आणि पूर्ण बंद खोलीत हा दाब दर सप्तकाला तेवढाच वाढत जातो. गाडीच्या फटी आणि लवचिक पत्रा यांमुळे प्रत्यक्षात इतका फायदा होत नाही, पण आमची २० लिटरची पेटी घरात किरटी वाटली होती आणि गाडीत भरदार वाजली, ती यामुळेच. हवे तर गाडी उभी करून खर्ज चालू ठेवा आणि सगळ्या काचा खाली करा. आवाज एकदम पातळ होईल.

याच कारणाने रिक्षावाल्यांची आम्हाला कीव येते. सीटच्या मागे तशीच पेटी बसवलेली असते, पण रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. बंद हवेचा फायदा शून्य. मग खर्ज ऐकू येण्यासाठी आवाज वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर वरचे सूरही वाढून दिवसभर कानावर आदळतात. ओळखीच्या एका रिक्षावाल्याला आम्ही हे समजावले. त्याने पेटी काढून टाकली नाही, पण सीटच्या अगदी पाठीला टेकवून हलवली. कानाशी आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवला तरी ठेका पाठीला जाणवतो, असे तो सांगतो.