कोणती मालिका भारी? प्रश्न जरा बदलून बघू

फँटसी वाचणाऱ्यांच्या गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, पाच मिनिटांत गाडी तिथेच येते: 'हॅरी पॉटर' भारी की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'? तुम्ही जपानमध्ये राहत असाल, तर या भांडणात आणखी दोन-तीन नावं येतात.

क्रम लावायची हौस जपानलाही जुनीच. एदो काळात सुमो पैलवानांच्या क्रमवारीचा तक्ता, म्हणजे बान्झुके, छापला जायचा. त्याच धर्तीवर गरम पाण्याच्या झऱ्यांचेही तक्ते निघाले. अशा एका प्रसिद्ध तक्त्यात पूर्वेकडे सर्वांत वर कुसात्सु, पश्चिमेकडे आरिमा. पण हा क्रम पाण्याच्या औषधी गुणांवरून लावलाय, हे मथळ्यातच लिहिलेलं होतं. मोजपट्टी उघड होती.

पुस्तकांच्या यादीत ती पट्टी कुणी सांगत नाही. आता जपानी मालिकाच बघा.

नाहोको उएहाशी यांची 'मोरीबितो' १९९६ मध्ये सुरू झाली. नायिका बालसा तीस वर्षांची, भाला चालवणारी अंगरक्षक. लहान राजपुत्र चागुमला ती त्याच्या बापापासूनच वाचवते. उएहाशी मानववंशशास्त्रज्ञ; ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये त्यांनी संशोधन केलं. म्हणून इथे राज्याचा अधिकृत इतिहास एक सांगतो आणि मूळ रहिवाशांच्या आठवणी दुसरंच. जेवणाची वर्णनं तर अशी, की त्यांवरून पाककृतींचं पुस्तक निघालं.

फुयुमी ओनो यांच्या 'जूनि कोकुकी'चा, म्हणजे बारा राज्यांच्या कथेचा, प्रश्न वेगळा: राज्य करायला लायक कोण? तिथे किरिन हा दैवी प्राणी राजा निवडतो. राजा वाट चुकला की किरिन आजारी पडतो, आणि किरिन मेला की राजाही जगत नाही. २००१ मधल्या कादंबरीत अर्धवट राहिलेली एका राज्याची गोष्ट वाचकांना २०१९ मध्ये पुढे वाचायला मिळाली. तब्बल १८ वर्षं!

आणि काओरु कुरिमोतो यांची 'गुइन सागा'. १९७९ मध्ये सुरू झाली, १०० खंडांचा बेत होता. २००९ मध्ये लेखिका गेल्या, तेव्हा शंभरी कधीच ओलांडली होती आणि गोष्ट संपलेली नव्हती. पुढे इतर लेखकांनी ती चालू ठेवली. बिबट्याचं डोकं असलेल्या, स्मृती हरवलेल्या योद्ध्याबरोबर आयुष्यभर चालत राहणं, हीच तिची मजा.

सांगा, यांना एका रांगेत कसं उभं करणार?

त्यात आणखी एक मेख आहे. 'मोरीबितो'ची मूळ मालिका १० पुस्तकांची. इंग्रजीत २००८ आणि २००९ मध्ये आली ती पहिली दोन. 'गुइन'चे इंग्रजीत पहिले पाच खंड. म्हणजे इंग्रजीतून वाचणारा 'हॅरी पॉटर'ची सातही पुस्तकं एका पारड्यात टाकतो आणि दुसऱ्यात नुसती सुरुवात. अशा यादीत गोष्टीबरोबर अनुवादाचा बाजारही मोजला जातो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

हे मराठीलाही लागू आहे. नाथमाधवांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी आजीने सुचवली, तर 'टॉप टेनमध्ये नाही' म्हणून ती न उघडताच बाजूला पडते. नुकसान कुणाचं? तुमचंच.

म्हणून पुढच्या वेळी मित्राला 'कोणती भारी?' असं विचारू नका. 'ही वाचताना तुला काय मिळालं, जे दुसरीत नव्हतं?' असं विचारा. उत्तराला वेळ लागेल. पण त्यातून वाचायला नवीन काहीतरी नक्की सापडेल.