शेरेबुकातली शाळा

केडगाव स्टेशनला उतरून मुक्ती मिशनच्या बाजूने जाताना मला दर वेळी १८८२ साल आठवतं. पंडिता रमाबाईंची ही संस्था इथे उभी राहायला तेव्हा अजून बरीच वर्षं होती. त्या वर्षी इथल्या शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग पुण्यात आला आणि पंचविशीही न गाठलेल्या रमाबाईंनी त्याच्यापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला बायका हव्यात आणि मुलींच्या शाळा तपासायलाही बायकाच हव्यात, असं त्यांनी मागितलं. शिकलेले पुरुष बाईमाणसाची मोहरीएवढी चूक डोंगराएवढी करतात, हेही त्यांनी आयोगाला सुनावलं. त्याच आयोगाला जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. इंग्लंडात १८६२ पासून परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरत होतं. ही पद्धत इथल्या गरिबांच्या शिक्षणाला उपयोगाची नाही, असं फुल्यांचं म्हणणं होतं. ज्या घरांना शिकण्याची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर कोण मास्तर शाळा काढील आणि पोट भरील?

शाळेवर लक्ष कुणी ठेवायचं आणि तिथे बघायचं काय, हे दोन्ही प्रश्न आपल्याकडे इतके जुने आहेत.

१ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुख अशी उतरंड तयार झाली. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तपासायला येणारा कुणीही असो, तो ‘दिपोटी’च.

मी दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकलो. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही पोरं शेणसडा घालायचो, दगडांना चुना लावायचो, फळ्याच्या कडेला रंगीत खडूने वेल काढायचो. पाढे पाठ असलेली मुलं पुढच्या ओळीत बसायची. माझ्या शेजारच्या मुलाला चौथीतही वाचता येत नव्हतं. ‘उद्या शेळ्या घेऊन जा,’ असं गुरुजींनी त्याला सांगितलं. साहेबांनी मला सत्तावीसचा पाढा विचारला, मी तो न अडखळता म्हटला आणि शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ असा शेरा पडला. माझ्या शेजारचा तो मुलगा पाचवीला आलाच नाही. तो शेरा माझ्या पाढ्यावर मिळाला होता, हे पुढे कळायला लागल्यापासून मला टोचत आलं आहे.

ऑक्टोबर २०११मध्ये सरकारने राज्यभर एकदम तीन दिवस पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना निवडणुकीसारखी शाई लावली. लाखो नावं पटावर निघाली, वर्गात निघाली नाहीत. अनुदान आणि शिक्षकांची पदं पटावर ठरत असल्यामुळे संस्थाचालकांना पट फुगवण्यात फायदा होता. ती पडताळणी व्हायलाच हवी होती. पण दौंडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गुऱ्हाळं आणि उसाच्या फडांवर बाहेरून कुटुंबं येतात. त्यांच्या पोरांची बोटं ऑक्टोबरच्या शाईला इथे कुठून सापडणार?

डोकी मोजण्यापलीकडे खरा बदल मला २०१५च्या आसपास दिसला. ‘असर’ या शिक्षण पाहणीचे स्वयंसेवक २००५पासून खेड्यात घरोघर जाऊन मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा साधा उतारा धरत होते. मग २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि प्रत्येक मूल शिकतंय का, हे शाळेला विचारलं जाऊ लागलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तपासणाऱ्याचं कामच पालटून टाकलं होतं. त्या शिक्षकांबरोबर वर्गात मांडी घालून बसत. जिल्ह्याजिल्ह्यातून शिक्षक गाड्या करून तो बीट बघायला गेले आणि परत येऊन त्यांनी आपापल्या वर्गाच्या फरशीवर अक्षरं रंगवली.

पण कागदही वाढत गेले. सरल, यू-डायस, शाळासिद्धी अशा ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची माहिती, वर फोटो. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक रस्त्यावर आले, ते उगाच नाही. ज्याने येऊन वर्गात बसायचं, त्या केंद्रप्रमुखाची पदं वर्षानुवर्षं रिकामी आणि एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार.

गावानेच शाळेकडे बघितलं, तर काय होतं, ते शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत दिसलं. २०१२मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा पटावर जेमतेम तीसेक मुलं होती. गावाने जमीन दिली, काचेचे वर्ग उभे राहिले, प्रवेशासाठी रांग लागली. मला त्या काचेपेक्षा गावच्या बैठका मोठ्या वाटतात. तिथे शाळेवर लक्ष ठेवणारे शाळेसाठी स्वतःची जमीन सोडणारेच होते. पुढे तक्रारी झाल्या, २०२१मध्ये वारे गुरुजींवर निलंबनाची कारवाई झाली. गुरुजी नंतर खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले आणि २०२५मध्ये तीही जिल्हा परिषदेची शाळा जागतिक पुरस्कारात लोकांच्या मतांनी पहिली आली. तक्रार आली की चौकशी व्हावी, गावाच्या पैशाचा हिशेब चोख असावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण अशी शाळा घडायला जे लागतं, ते टिपायला शेरेबुकात रकाना नाही, आणि त्याची मला काळजी वाटते.

शिक्षण हक्क कायद्याने २०१०पासून शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला आणल्या. बऱ्याच ठिकाणी सह्यांपुरत्या. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत मी समितीच्या बैठकीला बसलो होतो. गुऱ्हाळावर काम करणारी एक आई थेट कामावरून आली होती, हाताला अजून गुळाची चिकटी. रंगरंगोटीच्या बिलावर सही करायची वेळ आली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, ‘गुरुजी, आधी पोरांना वाचाया लावा. मला वाचता येत नाही, पण अडखळलेलं कळतं.’

गुरुजींनी तिसरीचा वर्ग बोलावला. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करा, असं तिनेच सांगितलं.